शरीर मंदिर, पण मिरवायला नाही!

बास्केटबॉल कुणी शोधला? पाद्री व्हायला निघालेल्या एका तरुणानं. आणि तोही एका धार्मिक संस्थेच्या जिममध्ये. शरीर कमावणं, त्याला विश्रांती देणं आणि दुसऱ्याचं शरीर जपणं हीसुद्धा भक्तीच, असं मानणाऱ्या ख्रिस्ती परंपरेची ही गोष्ट. तुमचा धर्म कुठलाही असो, जिम लावणाऱ्यांच्या आणि फी भरून जिम बुडवणाऱ्यांच्या, दोघांच्याही कामाची.

‘देवाधर्माचं करायचं तर शरीराचे चोचले सोडा’ आणि ‘शरीर कमवायचं तर बाकी सगळं सोडा’. आपल्याकडे सल्ले देणारे या दोनच टीममध्ये खेळतात. एकीकडे आजी सांगते, देह काय, आज आहे उद्या नाही. दुसरीकडे जिममधला सीनियर सांगतो, भावा, बॉडीच सगळं आहे. मधल्यामधे आपण. रात्री दोनला मॅगी, सकाळी आठचं लेक्चर, परीक्षेच्या आधी चार रात्रींचं जागरण आणि १ जानेवारीला घेतलेली जिमची वर्षभराची मेंबरशिप.

या दोन टीमच्या मधे एक तिसरा माणूस उभा होता. त्याचं नाव जेम्स नेस्मिथ.

भलत्या नादाला लागलेला पोरगा

नेस्मिथ कॅनडाचा. १८६१चा जन्म. नऊ वर्षांचा असताना टायफॉईडनं आई आणि वडील दोघंही गेले. मामानं वाढवलं. शेतावर राबला, जंगलात लाकूडतोड केली, शाळा मधेच सोडली, पुन्हा धरली. पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकला आणि मग तिथल्याच प्रेस्बिटेरियन कॉलेजमध्ये पाद्री होण्यासाठी दाखल झाला.

अडचण एकच. पठ्ठ्या मैदान सोडायला तयार नव्हता. रग्बी-फुटबॉल खेळायचा, लॅक्रॉस खेळायचा. तेव्हा धार्मिक मंडळींच्या लेखी हे खेळ म्हणजे धसमुसळेपणा, शिव्या आणि मारामाऱ्या. त्याच्या चरित्रात सांगतात, की हा मुलगा वाया जाऊ नये म्हणून त्याचे वर्गमित्र एकत्र जमून प्रार्थना करत होते! एकदा तर लॅक्रॉसच्या मॅचमध्ये तोंड फोडून घेतलेला नेस्मिथ दुसऱ्या दिवशी काळेनिळे डोळे घेऊन उपदेशाला उभा राहिला.

पण मैदानावरच त्याला एक गोष्ट दिसली. एका मॅचमध्ये शेजारी खेळणाऱ्या गड्याच्या तोंडून कचकचीत शिवी निघाली. लगेच तो नेस्मिथकडे वळून म्हणाला, सॉरी, तू इथं आहेस हे विसरलोच. नेस्मिथनं त्याला कधीच उपदेश केला नव्हता. फक्त सोबत खेळला होता. नेस्मिथच्या डोक्यात दिवा पेटला. व्यासपीठावरून जे जमत नाही ते मैदानावर जमू शकतं. पाद्रीपणाचं शिक्षण त्यानं पूर्ण केलं, पण चर्च न घेता तो १८९० मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला गेला. तिथं वायएमसीएचं प्रशिक्षण विद्यालय होतं.

दुकानाच्या माळ्यावरून जिमपर्यंत

वायएमसीए म्हणजे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन. मुंबईत, पुण्यात हे नाव हॉस्टेलच्या किंवा खेळाच्या निमित्तानं ऐकलं असेल. संस्था सुरू झाली १८४४ साली लंडनमध्ये. जॉर्ज विल्यम्स नावाचा कापडदुकानात काम करणारा बावीस वर्षांचा पोरगा आणि त्याचे सोबती यांनी ती काढली. गावाकडून शहरात आलेली ही मुलं. दिवसाला बारा-चौदा तास काम आणि दुकानाच्या वरच दाटीवाटीनं झोपायचं. बाहेर पडलं की गुत्ते आणि जुगार. कुठल्याही मोठ्या शहरातल्या कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना हे चित्र नवं वाटणार नाही.

सुरुवातीला ही मुलं बायबल वाचायला आणि प्रार्थनेला जमायची. हळूहळू लक्षात आलं, की थकलेल्या, कोंडलेल्या शरीराला नुसती प्रार्थना पुरत नाही. वाचनालयं आली, वसतिगृहं आली आणि जिमही आली. स्प्रिंगफिल्डला नेस्मिथचा वरिष्ठ होता ल्यूथर गुलिक. त्यानं १८९१ मध्ये संस्थेला चिन्ह सुचवलं. त्रिकोण. एक बाजू आत्मा, दुसरी मन, तिसरी शरीर. एक बाजू काढली की त्रिकोणच राहत नाही, इतका साधा मुद्दा. वायएमसीएच्या पाट्यांवर तो त्रिकोण आजही दिसतो.

चौदा दिवस आणि दोन टोपल्या

१८९१चा हिवाळा. बाहेर बर्फ. फुटबॉल बंद, बेसबॉल बंद. जिममध्ये फक्त कवायत. अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग इतका वैतागला होता, की दोन शिक्षकांनी हात टेकले. गुलिकनं तो वर्ग नेस्मिथच्या गळ्यात मारला आणि सांगितलं, चार भिंतींच्या आत खेळता येईल असा नवा खेळ शोध. मुदत चौदा दिवस.

नेस्मिथनं आधी मैदानी खेळ आत आणून पाहिले. काचा फुटतील, नाहीतर हाडं, अशी वेळ आली. मग त्यानं वेगळा विचार केला. खेळात माणूस माणसाला का पाडतो? कारण समोरचा बॉल घेऊन पळतो. मग बॉल घेऊन पळायचंच नाही. आणि जोरात बॉल का मारतात? कारण गोल समोर, जमिनीवर असतो. मग गोल डोक्याच्या वर, आडवा ठेवायचा. म्हणजे ताकद नाही, नेम लागेल. लहानपणी तो आपल्या लगोरीची आठवण व्हावी असा दगड नेमानं उडवायचा खेळ खेळायचा. त्यात जोरात भिरकावण्यापेक्षा अलगद, कमानीत फेकलेला दगड जास्त कामाचा ठरायचा. तीच युक्ती इथं आली.

शिपायाकडे त्यानं दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या टोपल्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही बास्केटची उंची दहा फूट! बॉल सॉकरचा. नियम तेरा. ते टाइप करून नोटीस बोर्डावर लावले आणि डिसेंबरमध्ये खेळ सुरू झाला. पहिल्या सामन्यात स्कोअर झाला १-०.

त्या तेरा नियमांतले बरेचसे नियम एकाच गोष्टीभोवती फिरतात. समोरच्याला खांद्यानं ढकलायचं नाही, धरायचं नाही, पाडायचं नाही, मारायचं नाही. बॉलला मूठ मारली तरी फाउल! पुढे १९३९ मध्ये रेडिओवरच्या मुलाखतीत नेस्मिथनं सांगितलं, की सुरुवातीला मुलांनी नुसती हाणामारी केली, कुणाचे डोळे सुजले, कुणाचा खांदा निखळला. आणि तरी ‘पुन्हा खेळू द्या’ म्हणून मागे लागली. त्यामुळे नियम आणखी घट्ट करावे लागले. शरीर पूर्ण ताकदीनं वापरायचं, पण दुसऱ्याचं शरीर मोडून नाही. हा नियम खेळाचा होताच, पण ज्या श्रद्धेतून तो माणूस आला होता, तिचाही होता.

आणखी एक. चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्याच होलिओक गावातल्या वायएमसीएत विल्यम मॉर्गननं ज्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही अशा मोठ्या वयाच्या सदस्यांसाठी वेगळा खेळ काढला. मधे जाळी, म्हणजे अंगाला अंग लागायचा प्रश्नच नाही. तो व्हॉलीबॉल. आपल्या गावागावांत संध्याकाळी रंगतो तोच. सगळ्यांची शरीरं सारखी नसतात, मग खेळ एकच कशाला?

करिंथचं पत्र

‘शरीर हे मंदिर आहे’ हे वाक्य जिमच्या पोस्टरवर तुम्ही वाचलं असेल. ते मुळात पोस्टरचं नाहीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात संत पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं, त्यातला हा विचार आहे.

करिंथ हे मोठं बंदर. पैसा, व्यापार, मौजमजा. तिथल्या काही जणांचं म्हणणं असं, की आत्मा महत्त्वाचा, शरीराचं काय, त्याचं काहीही करा, कुणाबरोबरही करा. पौल त्यांना अडवतो. त्याचा मुद्दा मुळात लैंगिक वागण्याबद्दल आहे, सिक्स पॅकबद्दल नाही. तो म्हणतो, तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं राहण्याचं ठिकाण आहे आणि ते तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही. सोप्या भाषेत, शरीर ही ठेव आहे. ठेव उधळायची नसते, आणि ठेवीचा मालक असल्यासारखं मिरवायचंही नसतं.

याच पत्रात तो खेळाडूंचं उदाहरण देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरायचे. जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा, जो काही दिवसांत सुकायचा. एवढ्याशा मुकुटासाठी खेळाडू किती पथ्यं पाळतात बघा, असं तो वाचणाऱ्यांना सांगतो. आणि पुढे आणखी महत्त्वाचं. सगळी मंडळी मिळून एकच शरीर आहे, त्यात जो अवयव दुबळा वाटतो तोच अत्यंत गरजेचा असतो, आणि एक अवयव दुखला की सगळे दुखतात. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

दोन्ही टोकं चुकली

ख्रिस्ती परंपरेनं हा तोल कायम सांभाळला का? नाही. दोन्हीकडे झोक गेले.

एक झोक शरीराला शत्रू मानण्याचा. पाचव्या शतकात सीरियात सायमन नावाचा साधू वर्षानुवर्षं एका खांबावर राहिला. असिसीचा संत फ्रान्सिस आपल्या शरीराला ‘गाढवदादा’ म्हणायचा, ओझी वाहायला लावायचा, उपाशी ठेवायचा. पण त्याच्या चरित्रकारांनी एक गोष्ट लिहून ठेवलीय. आयुष्याच्या शेवटी, आजारानं खंगलेला असताना, त्यानं या गाढवदादाची माफी मागितली. तुझ्यावर मी फार अन्याय केला, म्हणून.

दुसरा झोक उलटा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ची लाट आली. धडधाकट, खेळाडू, मर्दानी तोच खरा ख्रिस्ती, असं वारं. त्यातून शाळांत मैदानं आली हे खरं. पण दुबळ्याला कमी लेखणं आणि ‘आम्ही मजबूत म्हणून आम्ही राज्य करणार’ ही साम्राज्याची घमेंडही तिच्यात मिसळली. शरीर मंदिर म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या वायएमसीएंमध्येही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाखा कित्येक दशकं वेगळ्या होत्या. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शिकवत होता, तिथं १९३०च्या दशकात जॉन मॅक्लेंडन नावाचा काळा विद्यार्थी आला. रंगामुळे त्याला विद्यापीठाच्या टीममध्ये खेळता येत नव्हतं. म्हाताऱ्या नेस्मिथनं त्याला आपला शिष्य केलं आणि कोचिंग शिकवलं. तो मॅक्लेंडन पुढे अमेरिकेतल्या मोठ्या कोचपैकी एक झाला. गंमत म्हणजे नेस्मिथ स्वतः कोच म्हणून जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त!

मारुती, टाटा आणि वायएमसीए

शरीर आणि भक्ती हे आपल्याला मुळीच परकं नाही. तालमीत मारुती असतोच. आधी लाल मातीला हात लावायचा, मग शड्डू ठोकायचा. समर्थ रामदासांच्या परंपरेत बलोपासना हीही उपासनाच. त्यामुळे ख्रिस्ती लोक जेव्हा शरीराची काळजी म्हणजे भक्ती असं म्हणतात, तेव्हा महाराष्ट्रातल्या पोराला ते अर्धं आधीच कळलेलं असतं.

हे दोन प्रवाह प्रत्यक्षातही भेटले. पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे गडी पाहून सर दोराबजी टाटांना भारतीय खेळाडू ऑलिम्पिकला पाठवायची कल्पना सुचली. १९२० मध्ये अँटवर्पला संघ गेला, त्यात आपले पैलवानही होते. त्याच वर्षी हॅरी क्रो बक या वायएमसीएच्या माणसानं मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. देशातल्या कित्येक पी.टी. सरांच्या पिढ्या तिथून शिकून आल्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या भारतीय संघासोबत बक होते. १९२७ मध्ये इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन उभी राहिली तेव्हा अध्यक्ष दोराबजी टाटा आणि सचिव वायएमसीएचे डॉ. ए. जी. नोरेन.

आधी भाकरी, मग उपदेश

त्याच १९२४ च्या पॅरिसमध्ये स्कॉटलंडचा एरिक लिडेल होता. १०० मीटरचा हुकमी धावपटू. प्राथमिक फेरी रविवारी निघाली आणि त्यानं धावायला नकार दिला. रविवार हा देवाचा आणि विश्रांतीचा दिवस. टीका झाली, दबाव आला. तो ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. पुढच्याच वर्षी तो चीनला शिकवायला निघून गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला छावणीत ठेवलं. तिथं तो अडकलेल्या मुलांचे खेळ घ्यायचा, फक्त रविवारी नाही. एका रविवारी मुलं रेफरीविना खेळली आणि जुंपली. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानावर हजर! स्वतःच्या पदकासाठी जो नियम मोडला नाही, तो मुलांसाठी मोडला. १९४५ मध्ये त्याच छावणीत मेंदूतल्या गाठीनं तो गेला.

विश्रांतीला आपण आळस म्हणतो. बायबलमध्ये मात्र आठवड्यातला एक दिवस थांबणं ही आज्ञा आहे. आणि एक गोष्ट तर परीक्षेच्या मोसमात भिंतीवर लावावी अशी. एलीया नावाचा संदेष्टा. जीव मुठीत धरून पळालेला, पार खचलेला. एका झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो आणि झोपी जातो. मग देवदूत येतो. तो रागावत नाही, प्रवचन देत नाही. ऊन भाकरी आणि पाणी देतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. बोलणं नंतर, कितीतरी दिवसांनी. खचलेल्या मित्राला आपण ‘पॉझिटिव्ह राहा’ असा मेसेज टाकतो. देवदूतानं डबा नेला.

उपवासाचंही तेच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ वसईत, नगरमध्ये, गोव्यात ख्रिस्ती घरांत पाळतात. तो डाएट प्लॅन नाही. कॅथलिक चर्चचा उपवासाचा नियम १८ वर्षांपासून पुढच्यांना लागतो, साठीत शिरल्यावर सुटतो आणि आजाऱ्यांना माफ असतो. शिवाय आपलं वाचवलेलं कुणाच्या तरी ताटात जावं, ही अपेक्षा असते. नुसतंच वजन घटलं तर तो उपवास अर्धाच झाला.

न दुखणारं बोट

शेवटची गोष्ट वेल्लोरची. तिथलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज डॉ. आयडा स्कडर यांनी उभं केलं, १९१८ मध्ये मुलींना डॉक्टरकी शिकवायला सुरुवात करून. १९४६ मध्ये तिथं पॉल ब्रँड नावाचे सर्जन आले. तमिळनाडूच्या डोंगरातच, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले.

तेव्हा समज असा, की कुष्ठरोगात बोटं झडतात. ब्रँड रुग्णांमध्ये बसून निरीक्षण करत राहिले. एकदा गंजलेलं कुलूप त्यांना उघडेना. एका लहान रुग्णानं पुढे होऊन किल्ली फिरवली, कुलूप उघडलं. खाली बघतात तर रक्त. किल्लीनं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलाला पत्ताच नव्हता. रात्री झोपेत बोटांचे तुकडे कुठं जातात? उंदीर कुरतडून नेत होते, आणि दुखत नसल्यानं माणूस जागाच होत नव्हता. मग रुग्णांना मांजरी दिल्या! ब्रँडना कळलं, की बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून ती जखमा होऊन संपतात. त्यांनी शस्त्रक्रियेनं वाकडे हात सरळ केले, पायांसाठी खास चपला बनवून घेतल्या. आणि आयुष्यभर सांगितलं, की वेदना ही शिक्षा नाही, देणगी आहे.

आता ते वाक्य आठवा. एक अवयव दुखला की सगळे दुखतात. ब्रँड ते डॉक्टर म्हणून वाचत होते. शरीर जिवंत आहे याची खूण म्हणजे एका टोकाचं दुखणं दुसऱ्या टोकाला कळतं. हॉस्टेलचं, वर्गाचं, गावाचंही तसंच. मेसमध्ये जेवण सोडलेली मुलगी, ‘जाड्या’ म्हणून हसलेला पोरगा, महिनाभर खोलीबाहेर न पडलेला रूममेट यांचं दुखणं आपल्याला कळत नसेल, तर बधिर कोण झालंय?

मग करायचं काय?

- जाहिरात बघून जिम लावू नका. लावलीच तर आरशापेक्षा जिना विचारा. चार मजले चढून दम लागतो का?
- दुखतंय ते ऐका. गोळी किंवा प्री-वर्कआउट घेऊन त्याचं तोंड बंद करू नका. दुखणं चार दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर गाठा.
- आठवड्यातून एक दिवस खरंच थांबा. अभ्यास नाही, स्क्रोलिंगही नाही.
- झोप कापून मार्क वाढत नाहीत. देवदूतानंसुद्धा एलीयाला आधी झोपू दिलं.
- उपवास करायचा तर डॉक्टरांनी मना केलेलं नाही ना, ते बघा. आणि वाचलेले पैसे कुणाच्या तरी डब्यात जाऊ द्या.
- खेळा. हरलात तरी चालेल. नेस्मिथही हरायचाच की!
- आणि रूममेट जेवायला आला नसेल तर मेसेज टाकू नका. ताट घेऊन जा.